गोठ्यातील पाण्याचा हौद : थोड्या श्रमांत स्वच्छ कसा राहील

दुभत्या जनावराला काय खाऊ घालावे, याचा विचार प्रत्येक शेतकरी करतो. ते काय पिते, याचा विचार त्या मानाने थोडाच होतो. वस्तुतः गाईच्या दुधात शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी गाईला आपल्या नेहमीच्या गरजेशिवाय आणखी तीन ते चार लिटर पाणी प्यावे लागते. पाणी कमी पडले की वैरण कमी खाल्ली जाते, खाल्लेली नीट पचत नाही आणि धार उतरते. आंबोणात अर्धा किलो पेंड वाढवून जे साधत नाही, ते पुष्कळदा नुसते स्वच्छ पाणी पुरेसे मिळाल्याने साधते. आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

असे असूनही गोठ्यातील हौद पाहावा तर बहुधा त्याच्या भिंतींना हिरवे बुळबुळीत शेवाळ लागलेले, तळाशी भरडा व कुट्टी कुजून बसलेली आणि पाण्यात अळ्या वळवळत असलेल्या दिसतात. जनावराची वासाची जाण तीक्ष्ण असते. असे पाणी ते पीतच नाही असे नव्हे. पण तहान भागेल इतके पीत नाही. दोन घोट घेते, मान वर करते आणि बाजूला होते. जनावर पाण्यावर गेले होते एवढे मालक पाहतो. ते किती प्यायले, हे त्याच्या लक्षात येत नाही.

हौद घाण आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. मग तो धुतला का जात नाही? आळस हे त्याचे कारण सांगितले जाते. आमच्या मते ते खरे नाही. एका शेतकरी भगिनीने याचे उत्तर फार स्पष्ट दिले : “साहेब, हौद धुवायचा म्हणजे आधी भरलेलं पाणी ओतून द्यायचं. उन्हाळ्यात डोक्यावर आणलेलं पाणी असं ओतवतं का?” हा आक्षेप अगदी रास्त आहे. ज्या घरी पाणी लांबून आणावे लागते, तेथे ‘हौद वरचेवर रिकामा करून घासा’ असे सांगणारा कार्यकर्ता ऐकून घेतला जाईल, पण त्याचे ऐकले जाणार नाही. यास्तव, पाणी न दवडता व विशेष श्रम न करता हौद स्वच्छ कसा राहील, याचाच विचार येथे करावयाचा आहे. हौद स्वच्छ राहणे हे तो किती वेळा घासला जातो यापेक्षा तो कोठे, केवढा व कसा बांधला आहे यावर अधिक अवलंबून असते.

हौद कशाने मळतो

शेवाळ ही एक वनस्पतीच आहे. तिला वाढण्यासाठी पिकाप्रमाणेच उजेड, ऊब आणि खत लागते. उजेड सूर्याकडून मिळतो. खत आपले जनावरच आणून देते. पेंड व भरडा खाल्लेले तोंड जनावर तसेच पाण्यात बुडविते. त्याच्या लाळेबरोबर आणि ओठांना चिकटलेल्या कणांबरोबर नत्र व स्फुरद पाण्यात उतरते. त्यात शेणाचे शिंतोडे, कडब्याचा भुगा व धूळ यांची भर पडते. म्हणजे उकिरड्यात जे घडते तेच येथे पाण्यात घडते. पाणी जितके दिवस साचून राहील तितके हे खत साठत जाते आणि शेवाळ, जंतू व अळ्या यांची पैदास होते.

यांतील एक जरी गोष्ट तोडली तरी काम पुष्कळ हलके होते. उजेड तोडण्यासाठी हौद छपराखाली, भर गोठ्यात किंवा दाट सावलीत असावा. छपराखालचा हौद उघड्यावरच्या हौदाहून कितीतरी सावकाश हिरवा होतो, आणि चैत्र-वैशाखात त्यातील पाणी थंडही राहते. तापलेले पाणी जनावरे मनापासून पीत नाहीत, हा अनुभव सर्वांचाच आहे.

खत तोडण्यासाठी हौद गव्हाणीला लागून नसावा. सोयीसाठी पुष्कळ ठिकाणी गव्हाणीचेच एक टोक अडवून त्यात पाणी भरतात. गवंड्याची एक भिंत वाचते, पण रोजची घाण पदरात पडते. गव्हाण आणि हौद यांत निदान दोन-तीन पावले अंतर असले, तर जनावर चालून जाईपर्यंत तोंडातला घास संपवते, ओठ चाटते आणि मग पाण्याला तोंड लावते. जनावरे दावणीला बांधलेलीच राहत असतील, तर दोन जनावरांमध्ये एक कुंडी ठेवून ती गव्हाणीच्या काठापेक्षा वीतभर उंच बसवावी, म्हणजे वैरण ओढताना ती पाण्यात पडणार नाही. जनावराला वाटेल तेव्हा पाणी पिता येणे केव्हाही चांगले. तेव्हा अंतर राखावयाचे म्हणून दिवसातून दोनदाच पाण्यावर नेण्याची पद्धत आम्ही सुचविणार नाही.

केवढा हौद बांधावा

सर्वांत मोठी अडचण येथे आहे. हौद बांधावयाचा झाला की तो मोठाच बांधावा, असा आपल्याकडे कल असतो. मोठ्या हौदाने घराची शोभाही वाढते. परंतु थोडे गणित करून पाहावे.

समजा, एका शेतकऱ्याकडे चार मोठी जनावरे आहेत. ऋतू, वैरण व दूध यांप्रमाणे कमीजास्त धरून दर जनावरास दिवसाला ५० लिटर पाणी मानले, तर चौघांना २०० लिटर लागेल. त्याने तीन मीटर लांब, एक मीटर रुंद व पाऊण मीटर खोल हौद बांधला. त्यात २,२५० लिटर पाणी मावते. म्हणजे हौदात आलेले पाणी सरासरीने अकरा दिवस तेथेच राहणार. रोज वरचे पाणी भरले जाते, त्यामुळे हौद ‘ताजा’ वाटतो. पण तळचे पाणी जुनेच असते. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून उडता डास होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. तेव्हा या हौदात जनावरांना पाणी पाजण्याबरोबरच डासांची एक पिढी निर्वेधपणे वाढवण्याचीही सोय झालेली असते.

आता त्याच शेतकऱ्याने ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल एवढीच कुंडी बांधली, तर तीत सुमारे १२० लिटर पाणी मावते. ही कुंडी दिवसातून दोनदा भरावी लागेल, आणि दोनदा जवळजवळ रिती होईल. पाणी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त काळ उभेच राहत नाही. तळाशी जे काही बसते ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. अशी कुंडी घासावयास दहा मिनिटेही लागत नाहीत. आपल्या जुन्या वाड्यांतून व मळ्यांतून अखंड काळ्या दगडात कोरलेल्या ज्या डोणी आढळतात, त्या उथळ व आटोपशीरच असतात. बैलजोडी आली, प्यायली, डोण रिकामी झाली, पुन्हा भरली, हाच तिचा क्रम होता.

यावर प्रश्न येईल की, नळाला पाणी तीन दिवसांआड येते, विहिरीवर वीज रात्री येते. साठा मोठा नको का? साठा अवश्य मोठा असावा. पण साठा आणि पिण्याची कुंडी या दोन गोष्टी निराळ्या कराव्यात. साठा करावा तो झाकलेल्या, आत उजेड न शिरणाऱ्या टाकीत. प्लास्टिकची काळी टाकी, घट्ट झाकणाचे पिंप किंवा वर फरशी टाकलेली पक्की टाकी, काहीही चालेल. उजेड नाही म्हणजे शेवाळ नाही. जनावराचे तोंड लागत नाही म्हणजे खत नाही. फट नाही म्हणजे डास नाही. हवा जाण्याच्या व पाणी सांडण्याच्या नळीच्या तोंडाला मात्र बारीक जाळी किंवा दुहेरी कापड बांधण्यास विसरू नये. उंदीर-घुशींपासूनही अशी टाकी सुरक्षित राहते. उंदराच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप कोकणात पावसाळ्यात दिसतो, आणि तो माणसांना तसाच जनावरांनाही होतो, हे ध्यानात ठेवावे.

टाकी कुंडीपेक्षा उंचावर ठेवून दोन्हींमध्ये एक नळी जोडावी व कुंडीच्या तोंडाशी तरंगत्या गोळ्याचा कॉक बसवावा. पाणी प्यायले गेले की गोळा खाली जातो, कॉक उघडतो. कुंडी भरली की तो आपोआप बंद होतो. न्हाणीघराच्या टाकीत बसवितात तोच हा कॉक असून गावच्या कोणत्याही नळसामानाच्या दुकानात मिळतो. जनावरे, विशेषतः म्हशी, तो शिंगाने किंवा जिभेने मोडतात. म्हणून त्यावर पत्र्याची किंवा फरशीची लहान पेटी करून घ्यावी. कॉक बसविणे न जमल्यास साधी तोटीही चालते. फक्त सकाळ-संध्याकाळ ती आठवणीने सोडावी व बंद करावी.

येथे एक धोका सांगणे जरूर आहे. रबरी नळीचे तोंड कुंडीतल्या पाण्यात बुडवून नळ सोडून ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. गावातील नळयोजनेचे पाणी बंद झाले की कित्येकदा नळात उलटी ओढ लागते आणि जनावरांच्या कुंडीतले पाणी पिण्याच्या पाण्याच्या नळात शोषले जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी कोणाच्या तरी हंड्यात पडते. यास्तव नळीचे किंवा कॉकचे तोंड नेहमी कुंडीच्या काठाच्या वर, निदान चार बोटे अंतरावर असावे. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी ही गोष्ट स्वतः फिरून पाहावी अशी आहे.

बांधणी

बांधणीत तीन गोष्टी साधल्या की घासण्याचे निम्मे काम कमी होते. पहिली, तळाला उतार. ९० सेंटिमीटर लांबीच्या कुंडीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तीन सेंटिमीटर उतार पुरतो. दुसरी, उताराच्या अगदी शेवटी, तळाच्या सपाटीत, पाणी सोडण्याचे भोक व त्याला बूच. हे भोक दीड-दोन इंचांचे असावे. पुष्कळ गवंडी भोक तळापासून दोन बोटे वर ठेवतात. ‘गाळ नळीत जाऊ नये म्हणून’ असे कारण देतात. वास्तविक गाळ जावा म्हणूनच ते भोक आहे! दोन बोटे वर ठेवलेल्या भोकामुळे प्रत्येक वेळी दोन बोटे घाण पाणी आत राहते व ते वाडग्याने उपसावे लागते. आणि उपसण्याचा कंटाळा हेच हौद न धुण्याचे खरे मूळ असते.

तिसरी गोष्ट, कोपरे. काटकोनी कोपऱ्यात कुंचा पोहोचत नाही आणि शेवाळ पुन्हा पसरते ते त्या कोपऱ्यातूनच. गिलावा ओला असताना बाटलीच्या पोटाने कोपरे गोल घोटून घ्यावेत. आतून एकास तीन प्रमाणात सिमेंट-वाळूचा गिलावा करून त्यावर निव्वळ सिमेंटची घोटाई करावी. भिंत जितकी गुळगुळीत तितके शेवाळाला धरावयास कमी मिळते. नव्या बांधकामावर आठ-दहा दिवस पाणी मारावे. त्यानंतर कुंडी दोन-तीनदा भरून एकेक दिवस ठेवून ओतून द्यावी, कारण नव्या सिमेंटचे पाणी तीव्र असते व त्याची चव जनावरांना आवडत नाही. मोठ्या जनावरांसाठी कुंडीचा काठ जमिनीपासून ६० ते ७५ सेंटिमीटर उंच असावा. वासरे, शेळ्या व मेंढ्यांसाठी निराळी, ठेंगणी कुंडी करावी. फार ठेंगण्या कुंडीत जनावरे पाय घालतात व शेण पडते.

ज्यांना बांधकाम परवडत नाही त्यांनी सिमेंटचा अर्धा नळ आडवा बसवून त्याची दोन्ही तोंडे बंद करावी. हा सर्वांत स्वस्त व गोल पोटाचा असल्यामुळे घासण्यासही सोपा असतो. प्लास्टिकचे पिंप उभे चिरूनही चांगली डोण होते. मात्र ते पिंप कीटकनाशकाचे, तणनाशकाचे किंवा कोणत्याही अनोळखी रसायनाचे नसावे; कितीही धुतले तरी ते या कामी वापरू नये.

धुण्याचा दिवस

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. ज्या दिवशी आपल्या गावी औत धरत नाहीत तो दिवस सोयीचा. आदल्या रात्री कुंडीचा कॉक बंद करावा. जनावरे रात्री व पहाटे उरलेले पाणी पिऊन टाकतात आणि सकाळी तळाशी दोन-चार बोटेच पाणी राहते. त्याच पाण्यात कुंच्याने किंवा काथ्याच्या जुडग्याने भिंती व तळ घासून काढावा, बूच काढून गाळासह पाणी सोडावे, एक बादली स्वच्छ पाण्याने आत फेर द्यावा आणि बूच लावण्यापूर्वी कुंडी तासभर कोरडी होऊ द्यावी. मग पुन्हा कॉक सोडावा. दवडलेले पाणी दोन-तीन बादल्यांपेक्षा अधिक होत नाही. आणि तेही, पुढे सांगितल्याप्रमाणे, वाया जात नाही. तारेचा ब्रश वापरू नये; त्याने घोटाईवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत शेवाळ बसते.

घासताना पाण्याची रेषा जेथे असते तिच्या वरची चार बोटे भिंत विशेष काळजीने घासावी. असे का, ते डासांच्या भागात सांगितले आहे.

महिन्यातून एकदा कुंडी धुतल्यावर तिला आतून चुन्याचा हात द्यावा. ताजी कळी भिजवून, गाळून, दाट दुधासारखा चुना करावा व कुंच्याने लावून पूर्ण वाळू द्यावा. पहिले पाणी भरून ओतून द्यावे. चुन्याने भिंतीवर शेवाळ लवकर धरत नाही आणि पांढऱ्या भिंतीमुळे पाणी गढूळ झालेले तत्काळ दिसते. हा दुसरा फायदा आम्हांस पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. ज्या दिवशी चुना लावावयाचा त्या दिवशी जनावरांसाठी बादल्यांतून पाण्याची वेगळी सोय करावी.

गोठ्यात हगवण किंवा साथीचा रोग होऊन गेला असेल, तर धुतलेल्या कुंडीला ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा हात द्यावा. पंधरा लिटरच्या बादलीत १० ग्रॅम पावडर कालवून निवळ पाणी घ्यावे, भिंतींना लावावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि दोनदा स्वच्छ धुवावे. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ती कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो.

शेवाळ मारण्यासाठी पाण्यात मोरचूद टाकण्याची शिफारस जुने लोक करतात. मोरचुदाने शेवाळ मरते यात शंका नाही. परंतु मेलेले शेवाळ त्याच पाण्यात कुजते. निळे-हिरवे शेवाळ असेल तर मरताना त्याच्यातील विष पाण्यात उतरते. मासे असतील तर तेही मरतात. आणि मेंढ्यांना तांबे फार थोड्या प्रमाणातही बाधते. ज्या कामाला कुंचा पुरतो तेथे मोरचूद वापरण्याचे काहीही कारण नाही.

डासांचा प्रश्न

डेंग्यू हा शहरांचा रोग असे अजूनही काही ठिकाणी समजले जाते. तो ज्या डासामुळे पसरतो तो एडिस डास घरातील व गोठ्यातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. हौद, रांजण, पिंप, टाकून दिलेले टायर ही त्याची आवडती ठिकाणे. त्याच जातीचा डास झिका हा रोगही पसरवितो. आणि महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये आढळला, तो मुंबईत किंवा पुणे शहरात नव्हे, तर पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी. हिवतापाचा प्रसार करणारा ॲनॉफिलिस हा निराळा डास. त्याचीही एक जात घरगुती टाक्यांत व विहिरींत वाढते. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले, तेव्हापासून साचलेले पाणी व ताप यांचा संबंध हा तर्काचा विषय राहिलेला नाही.

एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला ती चिकटविते. पाणी ओतून दिले तरी अंडी भिंतीवरच राहतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत असतात. पुन्हा पाणी भरून ते अंड्यांपर्यंत चढले की अळ्या बाहेर पडतात. हौद रिकामा करूनही आठवड्यात पुन्हा अळ्या दिसतात व ‘काही उपयोग नाही’ असे लोक म्हणतात, त्याचे कारण हे आहे. उपयोग रिकामा करण्याचा नसून घासण्याचा आहे. तोही वरच्या चार बोटांचा. अळी ते डास हा प्रवास सात दिवसांहून सहसा आधी पुरा होत नाही, म्हणूनच आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगितले जाते. साऱ्या आळीने एकच दिवस पाळला तर फळ दिसते. एका घराने पाळला आणि शेजारच्या रांजणात अळ्या राहिल्या, तर डासाला भिंत ओलांडण्यास वेळ लागत नाही. हा डास दिवसा चावतो, तेव्हा केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवून चालत नाही.

ज्यांच्याकडे आधीच मोठा हौद आहे आणि तो फोडणे शक्य नाही, त्यांनी त्यात गप्पी मासे सोडावेत. हा मासा बोटाच्या दोन पेरांएवढा, मूळचा दक्षिण अमेरिकेकडील. अंडी न घालता थेट पिले देतो, त्यामुळे त्याची संख्या आपोआप वाढते. पाण्याच्या पृष्ठभागाशी राहून तो अळ्या टिपतो. दर चौरस मीटर पृष्ठभागास पाच ते दहा मासे पुरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत ते अनेक ठिकाणी मिळतात. त्यांना खाणे घालू नये. पोट भरलेला मासा अळ्यांकडे पाहत नाही, आणि उरलेले खाणे पाणी नासवते. मासे असलेल्या हौदात ब्लीचिंग पावडर किंवा चुना वापरू नये. हौदातील जास्तीचे मासे ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नयेत. तेथील देशी माशांना ते उपद्रवी ठरतात. ज्या कुंडीचे पाणी रोज संपते तिला माशांची गरजच नाही.

अलीकडे ओसरीत किंवा दिवाणखान्यात शोभेसाठी लहान दगडी कुंड, कमळाची कुंडी अथवा विजेवर चालणारे कारंजे ठेवण्याची आवड खेड्यांतही आली आहे. कृषी पर्यटनाची घरे तर ते हौसेने करतात. त्याला आमचा विरोध नाही. पण नियम हेच. खिडकीच्या थेट उन्हात ते ठेवू नये, पाणी थोडे असावे, माशांना एका-दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे, आणि दर आठवड्याला कडेची ओली रेघ पुसून पाणी बदलावे. कारंजे चालू असले की पाणी हलत राहते व अळ्या टिकत नाहीत; पाहुणे गेल्यावर ते बंद करून पाणी तसेच ठेवले, की तोच डासांचा हौद होतो.

हौदाभोवतालची जागा

कुंडी स्वच्छ आणि तिच्याभोवती चिखल, असे असेल तर काम अर्धेच झाले. सांडलेल्या पाण्याच्या ओलीत गोगलगायी राहतात. काही जातींच्या गोगलगायींच्या अंगात यकृतातील पर्णकृमी वाढतो आणि पाणथळ जागच्या गवतावरून तो गुरांच्या पोटात जातो. ज्यांची जनावरे चारापाणी असूनही खंगत जातात व ज्यांच्या गळ्याखाली सूज येते, त्यांनी पशुवैद्यकाकडून शेण तपासून घ्यावे. शिवाय सतत ओल्या जागेत उभे राहून खूर मऊ पडतात व सडतात. कुंडीभोवती दीड ते दोन मीटर रुंद फरशी किंवा खडबडीत सिमेंटचा पट्टा करावा. गुळगुळीत शहाबादी फरशी येथे नको, जनावर घसरते. पट्ट्याला एका बाजूस उतार देऊन सांडपाणी व धुण्याचे पाणी चारीने बाहेर काढावे. या पाण्यात नत्र व स्फुरद असल्याने ते परसातील केळी, अळू किंवा संकरित नेपिअर गवताला फार मानवते. जागा नसल्यास शोषखड्डा घ्यावा. कोकणातील जांभ्या जमिनीत पाणी लवकर जिरते. देशावरील काळ्या जमिनीत ते जिरत नाही, म्हणून तेथे शोषखड्ड्यावर विसंबण्यापेक्षा चारी लांब नेऊन गवताला पाणी देणेच बरे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठ्यास भेट देताना प्रथम कुंडीच्या आतल्या भिंतीवरून, पाण्याच्या रेषेच्या वर, एक बोट फिरवून पाहावे. बोट बुळबुळीत लागले तर मालकाला काही बोलण्यापूर्वी तळाचे बूच शोधावे. बहुतेक ठिकाणी ते दोन बोटे वर असेल किंवा मुळीच नसेल. छिन्नीने भोक खाली घेणे आणि गावातल्या गवंड्याकडून तळाला उतार करून घेणे, हे एका दुपारचे काम आहे. ते आपण उभे राहून करून घ्यावे. स्वच्छतेविषयी दोन शब्द सांगावयाचे असतील तर ते त्यानंतर सांगावेत, आणि घरात पाणी जी भरते तिच्यासमोर सांगावेत.